दोष इंजेक्शनचा नव्हता

मी चार वर्षांची असताना मला कडक ताप आला. बाबा कामासाठी बाहेरगावी गेले होते. आईने एक दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मला उचलून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, ताप उतरला. पुढच्या वर्षभरात घरच्यांच्या लक्षात आलं की पाठीमागून हाक मारली तर ही पोर वळत नाही. झालं. इंजेक्शनने कान गेले, आणि इंजेक्शनला नेलं आईने.

हे गणित मांडलं आत्याने. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आली. सगळी गल्ली तिला हेडबाई म्हणते. तिच्या शाळेत कुणी बसल्या जागेवरून बोलायचं नाही असा दंडक होता. उभं राहायचं, तिच्याकडे तोंड करायचं आणि एकेक शब्द सुटा सुटा बोलायचा. तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका अजून रस्त्यात ती दिसली की आधी पदर-ओढणी सावरतात, मग उच्चार.

"आणखी एक दिवस थांबली असतीस, तर पोरीचे कान वाचले असते," हे वाक्य आत्याने आईला किती वेळा ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. पाहुणे आले की ऐकवायची, कुणाचं मूल आजारी पडलं की ऐकवायची. आई गप्प बसायची. सुरुवातीला एक-दोनदा तिने तोंड उघडलं तेव्हा बाबा म्हणाले, "जाऊ दे, मोठी आहे ती." त्यानंतर आईने तेही सोडून दिलं.

माझी पाळी आपणहून कधी आलीच नाही. गोळ्या घेतल्या की यायची, थांबवल्या की थांबायची. लग्न झालं, तीन वर्षं टिकलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की अंडाशय कामच करत नाहीत, का ते सांगता येत नाही. नवरा वाईट नव्हता, पण त्याला स्वतःचं मत नव्हतं. ते त्याच्या आईकडे ठेवायला दिलेलं असायचं. मी माझी पेटी उचलून परत आले. आत्या जिन्यात भेटली. म्हणाली, "त्या इंजेक्शनने सगळंच नासवलं बघ."

मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथल्या यंत्रांची खरखर इतरांच्या डोक्यात जाते. मी कानातली मशीन काढून डबीत ठेवते आणि दिवसभर सुखात काम करते. बहिरेपणाचा निदान एवढा एक तरी फायदा पदरात पडला.

आमची धाकटी माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. उशिरा झालेली, म्हणून सगळ्यांची लाडकी. आईने तिला सुईचा वारासुद्धा लागू दिला नाही. ताप आला तर गोळ्या, पट्ट्या, काढे, आणि रात्रभर उशाशी बसणं. शाळेत लसवाले आले तर आई स्वतः जाऊन दारात उभी राहायची. लोक हसायचे. आईला त्याचं काही नव्हतं. एकदा पोळलेलं माणूस, ते ताकही फुंकून पिणार.

आणि तरी धाकटी पंधराव्या वर्षी "काय?" म्हणायला लागली. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग मैत्रिणींचे फोन ती घेईनाशी झाली. मग एकदा स्वयंपाकघरातून आईने तिला तीनदा हाक मारली आणि ती आली नाही, तेव्हा आई हातातलं भांडं तसंच धरून ओट्याला टेकून उभी राहिली. मी ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. इतकी वर्षं ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगली तो आपण केलाच नव्हता, हे उमगायला लागलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

आत्याला विचाराल तर तिचं उत्तर तयार होतं. "दिलं असेल कुठेतरी गुपचूप. आता कबूल कशाला करेल?"

धाकटीला मी कानाच्या तपासणीला नेलं. तिथली बाई तरुण होती, कामात चोख. धाकटीची तपासणी झाल्यावर माझ्या कानातली मशीन बघून तिने माझीही केली. दोघींचे कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली, मग हळूच विचारलं, "हिची पाळी सुरू झाली?"

कानाच्या खोलीत पाळीचा प्रश्न. मी म्हटलं, "नाही. माझीही आपणहून कधी आली नाही."

तिने पेन खाली ठेवलं. "ही दोन दुखणी एकत्र येतात असा एक आजार आहे. क्वचित आढळतो. तुम्ही मोठ्या रुग्णालयात जनुकांची तपासणी करून घ्या."

कान एका डॉक्टरकडे, पोट दुसऱ्याकडे, आणि दोष तिसरीच्या माथी. इतक्या वर्षांत दोन्ही गोष्टी एका टेबलावर ठेवणारी ही पहिलीच बाई.

मोठ्या रुग्णालयात आम्ही दोघींनी आणि आई-बाबांनीही रक्त दिलं. काही महिन्यांनी विभागप्रमुखांनी बोलावलं. मी, धाकटी आणि आई गेलो. साहेब संगणकाच्या पडद्याकडे बघून बोलत होते, त्यामुळे मला अर्धं कळलं, अर्धं धाकटीने नि मी मिळून जुळवलं. आम्हा दोघींच्या एका जनुकात अगदी सारखाच बदल सापडला होता. आईच्या नि बाबांच्या रक्तातही तो होता, पण प्रत्येकाकडे एकेकच प्रत. जोडीची दुसरी प्रत शाबूत, म्हणून त्यांना काही झालं नाही. आम्हाला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली. आमच्या घरात दोन पिढ्या लग्नं नात्यातल्या नात्यातच झालेली. आई ही बाबांच्या मामाची मुलगी.

"मग हेच कारण," आई म्हणाली.

"तसं म्हणता येणार नाही," साहेब म्हणाले. "नेमका हा बदल आजवर कुठे नोंदलेला नाही. अहवालात आम्ही 'अर्थ अनिश्चित' लिहिलंय. पुढे कधी माहिती मिळाली तर कळवू. या तुम्ही."

धाकटी उठली, आई उठली. मी बसून राहिले.

"या आता," साहेब पुन्हा म्हणाले. आता माझ्याकडे बघून, त्यामुळे स्पष्ट कळलं.

"साहेब, अनिश्चित हा शब्द घेऊन मी घरी गेले तर काय होईल सांगू? आमच्या घरात अनिश्चित म्हणजे इंजेक्शन. माझ्या आईला ते पुढची पंचवीस वर्षं ऐकावं लागेल. तुम्हाला निश्चित करायचं असेल तर काय काय लागतं, ते सांगा. देता येण्यासारखं असेल तर देते."

"अहो बाई, बाहेर रांग आहे."

"आहे ना. मीही तिथूनच आले."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग फोन उचलून कुणाला तरी म्हणाले, "वर एकांना पाठवतोय. तू बघ."

वर प्रयोगशाळा होती. तिथल्या संशोधक बाई वयाने माझ्याएवढ्या, पायात सपाता, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा कोट. मला ऐकू कमी येतं हे कळताच त्यांनी खुर्ची ओढून समोर मांडली. पहिल्याच भेटीत त्या मला आवडल्या.

त्यांनी समजावलं ते असं. शरीराच्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकाँड्रिया. त्या कणांच्या आत प्रथिनं बनवणारं त्यांचं स्वतःचं यंत्र असतं, रायबोसोम. ते यंत्र एक लहान नि एक मोठ्या भागाचं. लहान भाग जुळत असताना त्याच्या मधल्या नाजूक धाग्याला एक प्रथिन धरून ठेवतं. जुळणी झाली की ते बाजूला होतं.

"इमारत बांधताना परांची असते ना, तसं," त्या म्हणाल्या. "पूर्ण झालेल्या इमारतीत परांची दिसत नाही. पण ती कच्ची असेल तर इमारतच उभी राहत नाही. तुमच्या जनुकात या परांचीचा नकाशा आहे, आणि त्यात एक अक्षर बदललंय."

"मग माझे हातपाय कसे चालतात?"

"कारण थोडी यंत्रं तयार होतातच. बऱ्याच अवयवांचं तेवढ्यावर भागतं. आतल्या कानाचं आणि अंडाशयाचं भागत नसावं. पण हा माझा अंदाज झाला. अंदाज अहवालात चालत नाही."

"मग काय चालतं?"

"तुमच्या कातडीचा तुकडा द्याल?"

दिला. दोघींनीही दिला. दंडावरचा, डाळीच्या दाण्याएवढा. त्याआधी बधिर करायला सुई टोचावी लागणार होती, तेव्हा धाकटीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवून होकार दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

बाईंनी त्या तुकड्यांतून पेशी वाढवल्या. त्यात वेळ गेला. एकदा पेशींना बुरशी लागली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. शेवटी त्यांनी मला बोलावलं आणि चित्र दाखवलं; यंत्राचे लहान भाग जितके जास्त, तितका त्यातला पट्टा गडद. निरोगी माणसाच्या पेशींमधला लहान भागाचा पट्टा गडद होता. आमच्या दोघींचा फिका, पाण्याने पुसल्यासारखा. तिसऱ्या चित्रात आमच्याच पेशी होत्या, पण त्यांना ते प्रथिन बिनचूक अवस्थेत बाहेरून पुरवलं होतं. तिथे पट्टा पुन्हा भरला होता.

"म्हणजे झालं की," मी म्हटलं.

"माझ्या दृष्टीने झालं. साहेबांचं म्हणणं, दोन सख्ख्या बहिणींवरून शिक्का मारायला नको. बहिणींमध्ये बाकीही पुष्कळ सारखं असतं. घरात आणखी कुणी आहे का? लहानपणापासून ऐकू कमी, आणि बाई असेल तर मूलबाळ नाही, अशी कुणी?"

मी नाही म्हणून उठले. जिन्याच्या मधल्या पायरीवर पाय थबकले.

मूलबाळ नसलेली बाई घरात होती, पण तिचं लग्नच झालं नव्हतं, म्हणून ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. आणि कान? आत्या हाकेला ओ देत नाही, तर लोक म्हणायचे, हेडबाईंचा ताठा. ती भिंतीला पाठ लावूनच बसते. कुणी चालता चालता बोललं तर थांबवून म्हणते, "समोर ये, नीट बोल." तिच्या शाळेतला तो दंडक: उभं राहा, तोंड इकडे, शब्द सुटे. अख्खी शाळा तिने आपल्या कानांसाठी बेतून घेतली होती आणि सगळे त्याला शिस्त म्हणत होते. मी स्वतः ओठ वाचून जगते, आणि मलाही ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर आत्याकडे गेले. तिने चहा केला. माझ्या समोर, भिंतीला टेकून बसली. मी कप तोंडाशी धरला आणि त्याच्या आडून नेहमीच्या आवाजात विचारलं, "आत्या, तुझी पाळी कधी सुरू झाली होती?"

आत्या माझ्या कपाकडे बघत होती. "साखर कमी झाली का?" ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. "साखर बरोबर आहे. तुला ऐकू कधीपासून येत नाही?"

हे तिने वाचलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला. "मला सगळं ऐकू येतं."

"मग मी आधी काय विचारलं?"

ती उठली, दार उघडून उभी राहिली. मी गेले नाही. जागेवरूनच, चेहरा तिच्याकडे ठेवून, सगळं सांगितलं: परांची, फिके पट्टे, बाईंचा प्रश्न. दार उघडंच होतं. ऐकता ऐकता तिचा हात कडीवरून सुटला.

"तू बहिरी आहेस हे कळलं," आत्या म्हणाली, "तेव्हा मला धस्स झालं. हे माझंच आहे हे मी ओळखलं. आता सगळे वळून माझ्याकडे बघतील, आणखी काय काय शोधतील. मग तुझ्या आईने इंजेक्शनचं सांगितलं. मला वाटलं, सुटले."

"तू सुटलीस. आणि ती?"

आत्याने उघडं दार लोटून घेतलं.

"रक्त देशील?"

"नाही. मी हेडबाई म्हणून जगले. बहिरी आणि वांझ म्हणून मला मरायचं नाही."

"मी दोन्ही आहे," मी म्हटलं. "आणि चांगली जिवंत आहे." आणि खाली आले.

घरी आल्यावर आईला सांगितलं. बाबा तिथेच बसले होते. आई हात पुसत सगळं ऐकत राहिली. मग चपला घालायला लागली.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं. "जाऊ दे, म्हातारी झाली आहे ती."

"मीही झाले," आई म्हणाली. "तुमचं जाऊ दे, जाऊ दे ऐकण्यातच झाले."

मी तिच्या मागोमाग वर गेले. आत्या खुर्चीत बसली होती. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर.

"ताई, माझ्या तोंडाकडे बघा. सुटं सुटं बोलते. रक्त द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुमचं शरीर आहे. पण ज्यांना ज्यांना तुम्ही ती इंजेक्शनची गोष्ट सांगितलीत, त्या प्रत्येकाला खरं काय ते तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार, माझी लेक नाही सांगणार. तुम्ही. आणि ते होईपर्यंत माझ्या घराची पायरी चढायची नाही."

"वहिनी," आत्या पुटपुटली. आईला तिने या शब्दाने कधी हाक मारली नव्हती; बाबा लहान, म्हणून नेहमी नुसतं नाव. "माझं चुकलं."

"चुकलं नाही. केलंत," आई म्हणाली. "आणि माफी मागू नका. मला ती द्यायची नाहीये."

जिना उतरताना आईने कठडा धरला नाही.

आठवडा गेला. एका सकाळी आत्या इमारतीच्या दारात उभी होती. कडक इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, शाळेच्या तपासणीला अधिकारी यायचे तेव्हा असायची तशी. मला म्हणाली, "चल. कुठे आहे ते रुग्णालय?"

विभागप्रमुखांच्या खोलीत साहेब नेहमीसारखे पडद्याकडे बघून बोलायला लागले. आत्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं.

"डॉक्टर, वर बघा आणि बोला. मला ऐकू येत नाही. बारा वर्षांची होते तेव्हापासून येत नाही. माझी पाळी कधीच आली नाही, तेही लिहून घ्या. आणि तुमच्याकडे येणारे निम्मे लोक माझ्यासारखेच असतील, तर खुर्ची पडद्यासमोर मांडण्यात काय शहाणपण आहे?"

साहेब चक्क उठून उभे राहिले. बहुधा त्यांनाही शाळेत कुणीतरी हेडबाई होत्या. खुर्ची फिरवून ते आत्याच्या समोर बसले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, सुटं सुटं. मी आत्याकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते. हे वाक्य माणसांसमोर बोलायला तिला उभा जन्म लागला होता.

तिच्या रक्तात तोच बदल निघाला, दोन्ही प्रतींत. तिने कातडीही दिली. पट्टा आमच्यासारखाच फिका. अहवाल बदलला. 'अर्थ अनिश्चित' गेलं, 'आजाराचं कारण' आलं.

औषध नाही. हे संशोधक बाईंनी मला नि आईला आडपडदा न ठेवता सांगितलं. यंत्र जुळवणारं प्रथिन पेशीत घालणं काचेच्या बशीत जमतं, माणसात अजून नाही. पण धाकटीला हाडं बळकट राहण्यासाठी संप्रेरकं सुरू झाली, आणि कानात यंत्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा तिला चांगला उपयोग होईल असं सांगितलं गेलं. बाईंनी आणखी एक बजावलं: काही प्रतिजैविकं, विशेषतः इंजेक्शनने दिली जाणारी, कानांना घातक असतात, ती या दोघींनी कायम टाळायची.

हे ऐकून आई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे लसवाल्यांना हाकललं ते चुकलं, पण सुईला भ्याले ते अगदीच वेडेपण नव्हतं," ती म्हणाली. लस मात्र त्याच महिन्यात घ्यायला लावली बाईंनी, राहिलेल्या सगळ्या.

मग बाबांच्या चुलतभावाकडे जेवण होतं. सगळे नातेवाईक जमणार होते. आई जावं की नाही म्हणत होती, तर आत्यानेच निरोप धाडला की जरूर ये. पानं वाढायच्या आधी आत्या उभी राहिली. तिच्या उभं राहण्याने खोली अजूनही गप्प होते.

"मोठीचे कान इंजेक्शनने गेले असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले. ते खोटं होतं. मला ते खोटं असल्याचा संशय होता, तरी सांगत राहिले. हा आजार आपल्या रक्तातून आलाय. मलाही आहे. हिच्या आईचा यात काही दोष नाही."

चुलतकाका खाकरले. "म्हणजे दोष आपल्या घराण्यात आहे म्हणायचं?"

"दोष नाही, प्रथिन," आत्या म्हणाली. "आणि समोर बघून बोल. भाजीकडे बघून काय बोलतोस?"

कुणीतरी हसलं, मग दोघे-तिघे हसले, आणि पानं वाढली गेली. आईने मान खाली घातली नाही की वर केली नाही. आत्याकडे तिने पाहिलंही नाही. जेवली मात्र पोटभर. मी पाणी आणायला आत गेले तेव्हा चुलतकाकांची सून माझ्यामागे आली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "माझा मुलगा हाक मारली की वळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही अजून." मी तिला प्रयोगशाळेच्या बाईंचा फोन नंबर दिला आणि माझाही.

परत येताना, घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "खरं होतं ते ठीक. पण असं चारचौघांत... मला काही बरं वाटलं नाही."

"मला वाटलं," आई म्हणाली. "मला फार बरं वाटलं."